जळजळ सोसायची कशासाठी?

गर्भारपणात छातीत जळजळ व्हायचीच, ती सोसावी, फार झालं तर थंड दूध घ्यावं, पण गोळी-औषधाला हात लावू नये, हे माझं मत फार पक्कं होतं. घरातल्या, शेजारच्या लेकीसुनांना मी तेच सांगत आले. आता तसं सांगत नाही. मत का बदललं ते मोकळेपणानं लिहायला हवं, कारण माझ्या वयाच्या बायकांचा शब्द घरात अजून चालतो आणि त्या शब्दाखातर एखादी पोर रात्ररात्र भिंतीला टेकून बसून काढते.

त्या मतामागे भीती होती, आणि ती उगाचची नव्हती. थॅलिडोमाइड हे औषध 1957 साली पश्चिम जर्मनीत निर्धोक म्हणून बाजारात आलं. गरोदर बायकांनी ते मळमळीसाठी घेतलं. 1961 च्या अखेरीस तिथे त्याची विक्री थांबली, पण तोवर त्याच्यापायी अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्माला आली होती. ही हकिगत ऐकत मोठी झालेली आमची पिढी. पोटुशी बाईला औषध देणं म्हणजे विषाची परीक्षा, असंच मनात बसलं.

आणि सोसण्याला कौतुकाची जोडही होती. जळजळ होते ना, मग बाळाला भरपूर जावळ येणार! मला सासूबाईंनी सांगितलं, मी लेकीला सांगितलं. ती सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा जेवण झालं की अर्ध्या तासात तिच्या घशाशी आंबट यायचं. आडवं झालं की आणखी. हळूहळू तिनं रात्रीचं जेवणच कमी केलं. मी म्हणत होते, "अगं, थोडे दिवस राहिलेत, सोस."

पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन उतरलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर कळलं, की रक्तवाढीच्या गोळीनं पोटात आग पडते म्हणून तिनं ती गोळी परस्पर बंद केली होती. मला सांगितलंही नव्हतं. सांगून उत्तर काय मिळणार, हे तिला ठाऊकच होतं. माझं मत पहिल्यांदा हललं ते इथे. सोसण्याला खर्च नाही असं मी धरून चालले होते. पण झोप जात होती, अन्न जात होतं, आणि ज्या गोळीची बाळाला खरी गरज, तीच सुटली होती. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयानं ग्रासलेल्या आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 52.2 टक्के होता. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस लोहाची लाल गोळी देतात ती याचसाठी. किती जणी ती केवळ जळजळीपायी उशाखाली ठेवून देत असतील, हा विचार मला सुचलाच नव्हता.

नोकरीच्या काळात मी संस्कृत शिकवलं. म्हणून मग चरकसंहिता काढून शारीरस्थानातला आठवा अध्याय वाचायला बसले. मनातून मला माझ्या बाजूचा आधारच हवा होता. तिथे सातव्या महिन्याच्या वर्णनात नेमकं हेच आलं आहे. गर्भाला केस उगवतात म्हणून आईला दाह होतो असं बायका म्हणतात, पण भगवान आत्रेय ते मान्य करत नाहीत. वाढत्या गर्भाचा दाब पडतो, त्यानं दोष वर छातीकडे सरकतात आणि दाह होतो, असं ते कारण देतात. उपायात मधुर, थोडा, कमी तुपातेलाचा आणि कमी मिठाचा आहार सांगितला आहे, वर पाणीही थोडंच. सासूबाईंचा जावळाचा समज इतका जुना, आणि त्याचं खंडनही तितकंच जुनं! मी थक्क झाले. आजचं वैद्यक सांगतं तेही यापासून फार लांब नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू सैल पडतो, जठर सावकाश रिकामं होतं, आणि शेवटच्या महिन्यांत गर्भाशय जठराला वर ढकलतं. आम्ल वर येतं ते त्यामुळे. तीव्र जळजळ होणारी बाई नाजूक नसते की चुकारही नसते.

जावळाबद्दल एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2006 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 64 गर्भवतींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हा समज खोटा ठरेल अशीच त्यांची अपेक्षा होती. पण मध्यम किंवा तीव्र जळजळ सांगणाऱ्या 28 जणींपैकी 23 जणींच्या बाळांना सरासरीइतके किंवा त्याहून दाट केस निघाले. स्नायू सैल करणारी संप्रेरकंच केसांच्या वाढीलाही हातभार लावत असावीत, असा त्यांचा तर्क होता. अभ्यास अगदी लहान आहे. तो खरा धरला तरी जळजळ थांबवल्यानं बाळाचा एक केसही कमी होणार नाही, मग सोसायचं कशासाठी?

औषधांबद्दलचं मत बदलायला जास्त वेळ लागला. लेकीला आधी अल्जिनेटचं पातळ औषध मिळालं, जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं. ते समुद्री शेवाळापासून बनतं, जठरातल्या अन्नावर तवंगासारखा थर धरतं आणि आम्लाला वर येऊ देत नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळायच्या गोळ्याही गर्भारपणात चालतात. पण चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमची गोळी रोज सुरू असतेच, तेव्हा दोन्हींचा हिशेब एकत्र ठेवावा लागतो. एवढ्यानं भागलं नाही तर फॅमोटिडिन किंवा ओमेप्राझोल आहे, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. ओमेप्राझोलचं नाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. मग 2010 सालच्या डेन्मार्कच्या अभ्यासाविषयी वाचलं. 8 लाख 40 हजारांवर जन्मांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, आणि पहिल्या तिमाहीत या वर्गातली औषधं घेतल्यानं मोठ्या जन्मदोषांचा धोका लक्षणीय वाढल्याचं आढळलं नाही. थॅलिडोमाइड गर्भवतींच्या हाती पडलं तेव्हा अशी तपासणी कुणी केलीच नव्हती. माझी भीती त्या काळाची होती. मधल्या पन्नास वर्षांत जे तपासलं गेलं ते मी विचारातच घेतलं नव्हतं.

लोहाची गोळीही पुन्हा सुरू झाली, पण वेळ बदलून. आम्लनाशक औषध, कॅल्शियम, दूध, चहा, यांतलं काहीही लोहाच्या गोळीबरोबर घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी सोडायचे. नाहीतर गोळी पोटात जाते, पण लोह अंगी लागत नाही. ही साधी गोष्ट दवाखान्यातून निघताना प्रत्येकीला कुणीतरी बसवून सांगायला हवी.

सर्वांत जड गेलं ते घरगुती उपायांकडे नव्यानं बघणं. घरचं ते निर्धोक, या विश्वासावर माझा सगळा संसार झाला. खायचा सोडा मी स्वतः पाण्यात घालून घेत असे. एक चमचा सोड्यात साडेबाराशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि दिवसाला दोन हजारांच्या आत राहा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भारपणात अशानं अंगात पाणी साठू शकतं, रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बिघडू शकतो. फसफसणाऱ्या फ्रूट सॉल्टमध्येही मुख्यतः सोडाच असतो. अल्जिनेटच्या औषधातही थोडं सोडियम असतं. म्हणून रक्तदाब असलेल्या बाईनं तेही विचारूनच घ्यावं. दुसरं ज्येष्ठमध. पित्तावर आम्ही ते हमखास द्यायचो. त्यातल्या ग्लिसरायझिननं रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, आणि आईच्या शरीरातल्या कॉर्टिसॉलपासून गर्भाला राखणारं वारेतलं विकरही दबतं. फिनलंडच्या सरकारी आहारसल्ल्यात गर्भवतींना ज्येष्ठमधाचे पदार्थ भरपूर खाऊ नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. पुदिनाही आपण पित्तशामक समजतो, पण तो तोच सैल स्नायू आणखी सैल करतो. थंड दुधानं त्या वेळी बरं वाटतं, काहींना पुढे आम्ल वाढल्यासारखं होतं. बडीशेप जेवणानंतर चिमूटभर खाल्ली तर माझी हरकत नाही. काढे मात्र मी आता कुणाला सांगत नाही. घरातलं असो की दुकानातलं, त्यात काय आहे आणि किती पोटात जाणार, एवढं मी दोन्हींबाबत विचारते.

घरातल्या ज्या गोष्टींनी खरा फरक पडला त्या औषधाच्या नव्हत्याच. "दोन जिवांची आहेस, पोटभर जेव" हा आग्रह मी सोडला. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा, रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास, आणि पाणी जेवताना घटाघटा न पिता मधल्या वेळेत. डोहाळजेवणात भजी, पुऱ्या, मिरचीचा ठेचा आला, तिनं चवीपुरतं घेतलं. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा लावून ती बाजू सहाएक इंच उचलली. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. आणि डाव्या कुशीवर झोपणं. त्या कुशीवर अन्ननलिकेचं तोंड जठरातल्या आम्लाच्या वर राहतं. इतकं झाल्यावर ती रात्री झोपू लागली.

एका बाबतीत मात्र मी आता पूर्वीपेक्षा जास्त घाबरते, आणि इतरांनीही घाबरावं असं मला वाटतं. विसाव्या आठवड्यानंतर बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागात, विशेषतः उजवीकडे सतत दुखू लागलं, औषधानं उतरेना, जोडीला डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, चेहरा नि हात अचानक सुजलेत, तर त्याला पित्त म्हणून घरी थांबायचं नाही. ही गर्भारपणातल्या रक्तदाबाच्या आजाराची, प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणं असू शकतात, आणि त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. रक्तदाब 140/90 किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायलाच हवं. रक्तदाब मोजायची सोय नसेल, तरी वाट पाहायची नाही. रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखं काळं झालं (लोहाच्या गोळीनंही रंग काळपट होतो, पण असा चिकट नाही) किंवा घास गिळताना अडकू लागला, तरी तसंच. गाडी नसेल तर 102 किंवा 108 ला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.