रविवारचे साडेनऊ

जुन्या मालिकांचा विषय निघाला की घरातली पुरुषमंडळी रंगात येतात. ‘रामायण’ लागले की रस्ते कसे ओस पडत, टीव्हीला हार घालून उदबत्ती कशी लावत, अँटेना फिरवायला कौलांवर कोण चढे आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असे कोण ओरडे, या गोष्टी ओसरीवर तासभर चालतात. ऐकायला मलाही गोड वाटते. पण भगिनींनो, त्या गोष्टींत एक प्रश्न कोणीच विचारत नाही. सगळे गाव जर टीव्हीपुढे बसले होते, तर त्या वेळी भाकरी कोण थापत होते?

मी १९८६ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन किन्हीराजाला आले. माहेर कारंजाचे. कारंजाहून मालेगावकडे येताना आमचे गाव रस्त्यावरच लागते. आज आम्ही वाशीम जिल्ह्यात आहोत, पण तो जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. तेव्हा सारा कारभार अकोल्याचा होता. टीव्हीच्या बाबतीतही अकोल्याचे एक नाते आहे. देशात रंगीत टीव्ही आला पाहिजे असा आग्रह धरणारे मंत्री वसंत साठे हे एकेकाळी अकोल्याचे खासदार होते. १५ ऑगस्ट १९८२ ला रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. मेक्सिकोत घरगुती गोष्टींच्या मालिकांतून कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांपर्यंत पोचवत. ती कल्पना आपल्याकडेही आली आणि ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. त्याच वर्षी सरकारने लहान प्रक्षेपण केंद्रे इतक्या झपाट्याने उभारली की काही महिने जवळजवळ रोज एक केंद्र सुरू होत होते. म्हणूनच टीव्ही शहर सोडून आपल्या खेड्यांकडे येऊ शकला.

‘हम लोग’ मी माहेरी शेजारच्यांकडे बसून पाहिली होती. लेकीला सगळीकडे बसता येते. सासरी आले तशी गोष्ट बदलली.

जानेवारी १९८७ मध्ये कापसाचा चुकारा हाती आला आणि मामंजींनी काळा-पांढरा टीव्ही घेतला. उंच लोखंडी पाइपावर अँटेना चढली. चित्र कधी स्वच्छ दिसे, कधी मुंग्याच मुंग्या. २५ जानेवारीला, रविवारी, ‘रामायण’ सुरू झाले. सकाळी साडेनऊची वेळ. शहरातल्या माणसाला रविवार सुट्टीचा. शेतकऱ्याच्या घरी गाईम्हशींना आणि चुलीला रविवार कुठला? साडेनऊ म्हणजे भाकरी-वरणाची ऐन घाई. त्यातून मामंजी आणि भासरे समोर बसलेले. सुनांनी त्यांच्यापुढे पाय पसरून टीव्ही पाहायचा हे कोणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते.

म्हणून ‘रामायण’ आम्ही पाहिले नाही, ऐकले. जाऊबाई तव्यापाशी, मी परातीपाशी, आणि माजघराच्या भिंतीपलीकडून आवाज येई. आवाजावरून माणूस ओळखायचा. युद्धाचे भाग लागले तेव्हा शंख आणि बाण यांचा नुसता गोंगाट. जाऊबाई विचारत, “कोनाचा बान व?” मी उंबऱ्यापर्यंत जाऊन पदराआडून पाहून येई आणि सांगे. तेवढ्यात दुसरा बाण सुटलेला असे! ३१ जुलै १९८८ ला ‘रामायण’ संपले, तेव्हा दीड वर्ष दर रविवारी भेटणाऱ्या माणसांचे तोंड न पाहताच निरोप घेतल्यासारखे वाटले.

संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ लागे. बी कोणते, फवारणी केव्हा, सगळी कामाची माहिती. निंदण आम्ही करायचे, कापूस आम्ही वेचायचा, सरकी आम्ही टोबायची; पण तो कार्यक्रम येई नेमका सैपाकाच्या वेळी. शेतीचे शिक्षण ओसरीवर आणि शेतीतली निम्मी माणसे चुलीशी, असा तो प्रकार होता.

हे बदलले ते २ ऑक्टोबर १९८८ ला, ‘महाभारत’ सुरू झाले तेव्हा. आणि बदलले ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ ऐकून ऐकून सारी कथा तोंडपाठ. घड्याळ त्यांना कळत नव्हते. दिवस सावलीवर मोजायच्या. आदल्या रात्री त्यांनी जेवणाच्या पंगतीतच सांगून टाकले, “उद्या नवाच्या आंदर चुल्हा इझला पाह्यजे. ज्याले जेवाचं त्यानं आधी जेवा, नाही त मंग वाट पाहा. मले द्रौपदी पाहाची हाय.”

मामंजींनी मान वर करून पाहिले. बोलले काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही चारलाच उठलो. नवाच्या आत भाकरी टोपल्यात झाकल्या, चुलीतली लाकडे ओढून पाणी शिंपडले. आत्याबाई सतरंजीवर सगळ्यांत पुढे जाऊन बसल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “या व पोरीहो, बसा.” आम्ही दोघी त्यांच्या पाठीमागे बसलो. भासऱ्यांनी खाट थोडी बाजूला सरकवून घेतली. टीव्हीवर चक्र फिरू लागले आणि हरीश भिमाणींच्या आवाजात प्रत्यक्ष काळ बोलू लागला. आमच्या घरी तो खरोखरच बायकांची वेळ घेऊन आला होता.

ही गोष्ट लहान वाटेल. पण विचार करून पाहा. पुरुषाच्या विसाव्याला जागा असते आणि वेळ असते. चावडी आहे, पानठेला आहे, बाजाराचा दिवस आहे. बाईचा विसावा म्हणजे बसल्या बसल्या डाळ निवडायची, वाती वळायच्या, लेकराला मांडीवर घ्यायचे. हात रिकामे ठेवून, ठरलेल्या वेळी, सगळ्यांच्या देखत बसणे आम्हाला ठाऊकच नव्हते. ते ‘महाभारता’ने शिकवले. आणि त्याचे खरे कारण त्या मालिकेत नव्हते, तिच्या वेळेत होते. ती कोणासाठी थांबत नव्हती. पाहुणा आला तरी थांबत नव्हती, मामंजींना पाणी हवे असले तरी थांबत नव्हती. गेलेला भाग गेला. त्यामुळे “आता नाही, महाभारत लागलं” असे म्हणायला आम्हाला आधार मिळाला. असे वाक्य त्याआधी आमच्या घरात कोण्या सुनेने उच्चारले नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात निंदणाला येणाऱ्या बायकांनीही तेच सांगितले, “रविवारी महाभारत पाहूनच वावरात येतो.” कुरकुर झाली, पण ठरले तसेच. त्या आमच्याच घरी येत. पण आत सतरंजीवर नाही, बाहेर अंगणात, दारातून दिसेल तेवढे पाहत. कोण आत आणि कोण बाहेर, हेही त्या दिवसांतलेच आहे. त्या काळाचे कौतुक करताना ते गाळून चालणार नाही. तरीपण वेळ मात्र त्यांनी आपल्या हक्काने मिळवली. २४ जून १९९० ला ‘महाभारत’ संपेपर्यंत रविवारची ती वेळ आमची होती.

पुढे दिवस पालटले. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. गावात छत्र्या लागल्या, टीव्ही रंगीत झाले, मालिका रोजच्या झाल्या आणि मराठीतून आल्या. आम्ही खुशीत होतो. पण त्याबरोबर आणखी एक सोय आली: रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवू लागले. झाले! “आता पानं वाढ, उद्या दुपारी लागते ना तेच.” दुपारी आम्ही वावरात. पुन्हा दाखवण्याची सोय झाली आणि आमचे बसणे उद्यावर गेले.

२०२० सालची गोष्ट सांगते. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शननेच जाहीर केले. त्या कोट्यवधींत आमच्या आत्याबाई होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कानाला कमी ऐकू येत होते, पण नजर शाबूत. मंथरा पडद्यावर आली. ललिता पवारांचे ते काम. आत्याबाई एकटक पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “या बाईचं बोलनं मले तेव्हाचं याद हाय. तोंड आज पाह्यलं.”

तेहतीस वर्षे मधे गेली होती. पुरुषमंडळी त्या दिवशी जुन्या आठवणींनी गहिवरली. आत्याबाईंना गहिवर आला नाही. त्यांच्यासाठी ती मालिका जुनी नव्हतीच, पहिल्यांदाच लागली होती. शेवटपर्यंत एक भाग त्यांनी चुकू दिला नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या.

आता माझी सून मोबाईलवर मालिका पाहते. जुनी म्हणाल ती मिळते, नवी म्हणाल ती मिळते, आणि हवी तेव्हा. आम्हाला मिळाले नाही ते तिला मिळाले असे मला वाटत होते. पण ती जरा टेकली, की घरातून कोणीतरी म्हणतेच, “थांबव ना दोन मिनिटं, चहा ठेव.” ती थांबवते, उठते, चहा ठेवते. मग दूध उतू जाते, पोरगा पुस्तक मागतो, गाय ओरडते. अर्ध्या तासाची मालिका तिला तीन दिवस पुरते. चित्र थांबवता येते, म्हणून बाईला उठवता येते. आमच्या वेळी ते थांबत नव्हते, एवढाच आमचा फायदा होता.

गेल्या दिवाळीत मी आत्याबाईंचा कायदा पुन्हा घरात आणला. रात्री साडेआठ ते नऊ सून बसणार. मालिका पाहो, गाणी ऐको, नाहीतर नुसती बसो. त्या वेळात तिच्याकडे कोणी काही मागायचे नाही. पहिल्या आठवड्यात मुलाने दोनदा हाक मारली. मी म्हटले, “महाभारत लागलं आहे असं समज.” यांना मात्र हसू आले. त्यांनी उठून स्वतःच माठातले पाणी घेतले आणि मुलालाही दिले. आता सवय झाली आहे. पाण्याचा माठ कुठे आहे, हे घरात सगळ्यांना कळते.

भगिनींनो, जुन्या मालिका परत याव्यात असे मी म्हणत नाही. त्या कुठे गेलेल्याच नाहीत. बोट लावले की समोर येतात. परत आणायची ती ठरलेली वेळ. ती आता दूरदर्शन ठरवून देणार नाही. घरानेच ठरवावी लागेल. सासू असाल तर तुम्हीच आधी बोला, सुनेला ते जड जाते. घरातल्या सगळ्यांना सोयीची अशी वेळ शोधत बसू नका, ती सापडायची नाही. एक वेळ धरा आणि सांगून टाका. ज्याला मधेच भूक लागेल त्याला भाकरीचे टोपले दाखवून द्या.