आपल्याच नळाचं पाणी

छावणीकरांनो, लोखंडी पुलाखालून वाहते ती खाम. (हो, नालाच वाटतो, पण नदी आहे.) हर्सूलकडून येते, पाणचक्कीला वळसा घालून छावणीत शिरते आणि पुढे गोदावरीला, म्हणजे जायकवाडीच्या नाथसागराला मिळते. आणि आपल्या नळाला पाणी कुठून येतं? त्याच नाथसागरातून!

कांचनवाडीला १६१ एमएलडीचा मलनिस्सारण प्रकल्प आहे. एमएलडी म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर. आकडा मोठाय, पण प्लांट शुद्ध करतो ते त्याच्यापर्यंत पोचलेलं मैलापाणी. जी ड्रेनेज लाइन मधेच नाल्यात सोडलीय, तिचं काय? खामचे काठ साफ झाले, झाडं लागली, कौतुक झालं. चांगलंच झालं. पण काठ वेगळा आणि पाणी वेगळं.

त्यात हद्दीचा घोळ. इकडे महापालिका, तिकडे कॅन्टोन्मेंट बोर्ड. आता छावणीचा नागरी भाग महापालिकेकडे द्यायची चर्चा आहे. सगळे विचारतात, टॅक्स किती वाढणार? ड्रेनेजचं कुणी बोलत नाही. हस्तांतरणाच्या आधी बोर्डाने एवढंच करावं: कोणत्या गल्लीची लाइन कुठे जाते, त्याचा नकाशा ऑफिसबाहेर लावावा.