वाक्यातला कर्ता आणि विहारातला इंग्रजीचा तास

सावद्याच्या आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी सात ते नऊ दहावीच्या मुलामुलींचा इंग्रजीचा सराव चालतो. मागच्या पावसाळ्यात एक दिवस चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते वंदनेला आले. नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला माणूस, वस्तीत सगळे त्यांना नाना म्हणतात. वंदना झाली, सतरंजी तशीच राहिली आणि आम्ही फळा पुढे ओढला. फळ्यावर ‘चेंज द व्हॉइस’ लिहिलेलं पाहून नाना म्हणाले, "पोरांनो, विहारात हे कशाला? इथे धम्म सांगा, बाबासाहेब सांगा. ग्रामरला क्लासेस आहेत की गावात."

त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. नानांसमोर आवाज चढवायची आमची पद्धत नाही. पण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्यातले बरेच कार्यकर्ते असंच मानतात की चळवळ वेगळी आणि अभ्यास वेगळा. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे तिघं. एक समाजशास्त्रात एम.ए., एक पॉलिटेक्निक झालेला, आणि एक डी.एड. होऊन शिक्षक भरतीची वाट पाहत बसलेली. तिघांचे दहावीतले इंग्रजीचे गुण एकत्र केले तर ११९ भरतात. यात कमीपणा वाटण्यासारखं काही आहे असं आम्हाला आता वाटत नाही, तेव्हा मात्र वाटत होतं. आमचे इंग्रजीचे सर वर्गात म्हणायचे, "तुम्हाला इंग्रजीचं काय टेन्शन, स्कॉलरशिप तर मिळतेच." वर्ग हसायचा. आम्हीही हसायचो. शाळेचं आणि सरांचं नाव लिहायची गरज नाही, असे सर तुमच्याही शाळेत होते.

त्या हसण्याची किंमत पुढे मोजावी लागली. एम.ए.ला दुर्खीम आणि वेबर मराठी नोट्सवर निभावले. पण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मूळ इंग्रजीतून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढायला वयाची सव्वीस वर्षं उलटली. बाबासाहेबांनी ते १९३६ साली लिहिलं. बाप इंग्रजीत लिहून गेला आणि लेकरं भाषांतराची वाट पाहत बसली, हे आपल्या समाजाचं चित्र आहे की नाही? आपल्या माणसांशी बोलायचं होतं तेव्हा बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढलं. सरकारशी आणि जगाशी बोलायचं होतं तेव्हा इंग्रजीत लिहिलं. दोन्ही भाषा त्यांच्या हातात होत्या. आपल्या मुलांच्या हातात किती आहेत?

आता आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्हीही गाईडच चालवलं. ‘अप्रिसिएशन ऑफ द पोएम’चं उत्तर कसं लिहायचं ते सगळ्यांना माहीत आहे. कवीचं नाव, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आणि शेवटी मला ही कविता फार आवडली. मुलांनी ते पाठ केलं. सराव परीक्षेत आम्ही मुद्दाम कविता बदलली. अकरापैकी नऊ जणांनी आधीच्याच कवितेचं उत्तर उतरवून दिलं. स्पेलिंगची चूक जवळजवळ नाही! अक्षर सुंदर! आणि ज्या कवितेवर प्रश्न होता ती कोणी वाचलेलीच नाही. त्या मार्चला एक मुलगा इंग्रजीत गेला, बाकी सगळे विषय निघाले होते. जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत होती तेव्हा तो केळीच्या गाड्या भरायला जाऊ लागला होता. आम्ही दोनदा त्याच्या घरी गेलो, दोन्ही वेळा तो कामावर होता. तिसऱ्यांदा गेलो नाही. हे लिहिताना अजून जड जातं.

त्यानंतर आम्ही बसून विचार केला की बाबासाहेबांना इंग्रजी आलं कसं? आपल्या भाषणांत ‘बाबासाहेबांचं इंग्रजी ऐकून गोरे थक्क झाले’ असली वाक्यं असतात. टाळ्या पडतात. पण त्या इंग्रजीमागचा सराव कोणी सांगत नाही. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतरमाला घोटून घेतली. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, चुकलं की पुन्हा. पुस्तकांना पैसे कमी पडले तर म्हातारा माणूस लग्न झालेल्या लेकींच्या दारात जायचा. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण घेऊन. टक्केवारी काढून पाहा, साडेसदतीसच्या आसपास येते. संस्कृत तर शिकूच दिली नव्हती, फारसी घ्यावी लागली. आजच्या एखाद्या सरांनी हा निकाल पाहिला असता तर काय म्हणाले असते, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

म्हणजे घरात एक माणूस होता जो रोज समोर बसवून सराव करून घेत होता. बोर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. प्रस्थापितांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं असतं, म्हणून त्यांच्या मुलांची हुशारी जन्मजात वाटते. आमच्या वस्तीत आईबाप पहाटे केळीच्या बागेत घड कापायला जातात, नाहीतर गाडीवर. संध्याकाळी ते दमून येतात तेव्हा अंगावरच्या कपड्यांना केळीच्या चिकाचे काळे डाग असतात, धुऊन न निघणारे. त्यांनी ‘पास्ट परफेक्ट’ तपासून द्यावा अशी अपेक्षा कोणी करावी? प्रत्येक घरात रामजी सुभेदार असणं शक्य नाही. मग ते काम वस्तीने करायचं, आणि वस्तीची जागा म्हणजे विहार. नाना, हे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

व्याकरण शिकवताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली जी कुठल्या गाईडमध्ये नाही. बोर्ड इंग्रजीला तृतीय भाषा म्हणतं. पण आमच्या मुलांच्या घरात ‘मले’, ‘तुले’ बोलतात. शाळेत ‘मले’ म्हटलं की हसतात आणि ‘मला’ म्हणायला लावतात. म्हणजे पुस्तकी मराठी हीच त्यांना शिकावी लागलेली पहिली परकी भाषा. एकदा हसून घेतलेलं पोर इंग्रजीच्या तासाला तोंड कशाला उघडेल? आम्ही नियम केला, आधी वाक्य घरच्या बोलीत सांगायचं, मग इंग्रजीत. कोणी हसलं तर फळा त्याने पुसायचा.

तेव्हा चुका दिसायला लागल्या, आणि चुका दिसल्या की शिकवता येतं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग. म्हणून उतारा वाचताना आधी प्रत्येक वाक्यातलं क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारायची, मग त्याच्या डावीकडे कर्ता बघायचा. एवढ्या एका सवयीने निम्मा उतारा उलगडतो. दुसरी अडचण ‘हॅव’ची. मराठीत ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणतात, म्हणून मुलं लिहितात ‘मी टू ब्रदर्स आर’. असण्यापासून वेगळं, मालकीचं असं क्रियापद आपल्या बोलण्यात नाही. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांना ‘हॅव’ शिकवायला पंधरा दिवस लागले, असं आम्ही गमतीने म्हणतो. (समाजशास्त्रवाल्याला असल्या कोट्या सुचतात, क्षमस्व.) ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ मात्र अजून कोणालाच नीट जमलेलं नाही, आम्हालाही नाही.

उतारावाचनासाठी आम्ही पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक लिखाण घेतलं, बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. छोटंसं आहे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावं म्हणून स्वतःचे आणि इतरांचे अनुभव त्यांनी साध्या वाक्यांत लिहिले आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते विद्यार्थ्यांना वाचायला देतात. शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी बाराव्या खंडात ते आहे. आम्हाला तो खंड नानांच्याच काचेच्या कपाटात मिळाला, प्लॅस्टिकचं वेष्टन काढायचं राहिलेला.

त्यातला एक प्रसंग आपल्या खानदेशातला आहे. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य म्हणून या भागात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर वस्तीतली माणसं त्यांना न्यायला आली. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. पाहुण्याने पायी चालणं वस्तीला कमीपणाचं वाटलं. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायची सवय नसलेला आपलाच माणूस पुढे बसला. मोरीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसाचा.

चाळीसगाव आमच्याच जिल्ह्यात. भुसावळला गाडी बदलली की त्याच दिवशी जाऊन येता येतं. मुलांना पहिल्यांदाच इंग्रजी उताऱ्यात ओळखीचं स्टेशन भेटलं. ‘कल्व्हर्ट’ शब्द अडला, डिक्शनरी उघडली, नाल्यावरची मोरी निघाली. त्यानंतर तो शब्द कोणी विसरलं नाही.

मग आम्ही ‘व्हॉइस’चा सराव याच प्रसंगावर घेतला. ‘तो टांग्यातून फेकला गेला’ हे पॅसिव्ह. ॲक्टिव्ह करा. कर्ता कोण? एक मुलगा म्हणाला, घोडा. दुसरा म्हणाला, टांगा हाकणारा. चर्चा तिथेच थांबली असती, कारण व्याकरणाने ती उत्तरं चालतात. मागे बसलेली एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, म्हणाली, "पण सर, ज्याने टांगा हाकायला नाही म्हटलं तो या वाक्यातच नाही."

विहारात दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. पॅसिव्ह व्हॉइसबद्दल गाईडमध्ये लिहिलेलं असतं की कर्ता महत्त्वाचा नसेल किंवा माहीत नसेल तर गाळावा. आमच्या मुलांनी त्या आठवड्यात पेपरातली कात्रणं आणली. मारहाण झाली, वस्तीचं पाणी तोडण्यात आलं, मिरवणूक अडवण्यात आली. कोणी? कर्ता गाळलेला. तो महत्त्वाचा नव्हता की माहीत नव्हता? नाना, हे उरलेलं अर्धं उत्तर. याला धम्म सांगणं म्हणायचं की ग्रामर, ते तुम्हीच ठरवा.

इथे दोन प्रकारच्या मित्रांशी आमचा वाद आहे. एक, मातृभाषेतूनच शिक्षण असं आम्हाला समजावणारे, ज्यांची स्वतःची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांनी १८५४ सालचं सावित्रीमाईंचं ‘काव्यफुले’ उघडावं. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावं, हे तेव्हा तिने कवितेत सांगितलं आहे. दोन, इंग्रजीला मुक्तिदायिनी मानणारे. २०१० साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावी चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराचं काम सुरू झालं होतं. त्यामागची तळमळ आम्हाला समजते. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने आणखी एक देवी कशाला आणावी? देवीपुढे हात जोडून ‘हॅज’ आणि ‘हॅव’ सुटत नाही. मूर्तीपेक्षा वीस डिक्शनऱ्या स्वस्त पडतात. १४ एप्रिलच्या डीजेपेक्षा तर फारच स्वस्त, पण तो विषय काढला की वर्गणी मिळत नाही, असा अनुभव आहे.

गाड्या भरायला गेलेला तो मुलगा यंदा परत आला. स्वतःहून आला, आम्ही बोलवायला गेलो नव्हतो. पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला आहे. सावदा स्टेशनला डबे लागले की येत नाही, नसले की सातच्या आधी येऊन सतरंजी टाकतो. परवा त्याला म्हटलं, रोज काय करतोस त्याचं वाक्य कर. त्याने लिहिलं, ‘आय लोड बनानाज.’ म्हटलं, आता व्हॉइस बदल. ‘बनानाज आर लोडेड बाय मी.’ बरोबर होतं. मग खोडरबर हातात धरून त्याने विचारलं, "यातलं ‘बाय मी’ काढलं तरी चालतं ना, गाईडमध्ये तसं आहे?"

परीक्षेत चालतं, आम्ही सांगितलं, गुण कापत नाहीत. त्याने थोडा वेळ वहीकडे पाहिलं आणि ते तसंच ठेवलं. उद्या पत्रलेखन घ्यायचं आहे. पाण्याच्या टाकीबद्दल नगरपालिकेला अर्ज, आधी मराठीत, मग इंग्रजीत.