पुन्हां कचेरीकडे

मनुष्यानें घर आणि कामाची जागा वेगळी केली, त्याला फार काळ लोटला आहे असें नाहीं. विणकराचा माग ओसरीवरच असे, कुंभाराचें चाक अंगणांतच फिरे. १८५४ सालीं मुंबईंत कावसजी दावर यांनीं गिरणी काढली, मागोमाग इतर निघाल्या, आणि भाकरी बांधून भोंग्याच्या वेळेला घर सोडण्याचा परिपाठ आपल्याकडे रूढ झाला.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनें हें चक्र एकाएकीं उलटें फिरविलें. आम्हां संगणकवाल्यांची कचेरी देवघराशेजारच्या मेजावर येऊन बसली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें तर २०२५ पर्यंत एका वेळीं चतुर्थांश सेवकांनींच कचेरींत असावें, असा संकल्प त्याच वर्षीं सोडला. पण ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पांचही दिवस हजर राहण्यास सांगितलें. ॲमेझॉननें जानेवारी २०२५ पासून तोच नियम केला. पुढें आमच्या मालकांनींहि तीच वाट धरली.

मालकांच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. टाळेबंदींत नोकरीस लागलेल्या पोरांना जाणत्यांच्या शेजारीं बसून कानावर पडणारी विद्या मिळाली नाहीं, हें आम्हीं पाहिलें आहे. पण चीनमधील ट्रिपडॉटकॉम कंपनींत सुमारें १,६०० सेवकांवर केलेला प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्याचे दोन दिवस घरून काम दिल्यानें कामांत उणेपणा आला नाहीं, आणि नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशानें घटले. मग पांचही दिवसांचा हट्ट कशासाठीं?

कोथरुडाहून हिंजवडीस जाण्यायेण्यांत मोडणाऱ्या तासांचा हिशेब मांडतां येतो. मांडतां येत नाहीं तो दुसराच. अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेले आमचे वडील आणि आम्ही या वर्षांत दुपारीं तीनचा चहा बरोबर घेत आलों. जन्मभर ज्यांच्यापुढें आम्ही मान खालीं घालून उभे राहिलों, त्यांनीं त्या दहा मिनिटांत आपलें बालपण, आपलें कर्ज, आमच्या आईचा स्वभाव, सारें अडखळत सांगितलें. आतां तो चहा पगारी बाई त्यांना पाजते. ती मायाळू आहे; पण ते तिच्याशीं बोलत नाहींत.

आठवड्यांतून दोन दिवस घरून काम करूं द्यावें, असा अर्ज आम्हीं मालकांकडे केला आहे. चहाचा उल्लेख त्यांत अर्थातच नाहीं. ‘कौटुंबिक कारण’ एवढेंच लिहिलें आहे.