दोन रंगांतील भय

भयाचा एक विक्षिप्त गुण आहे. ते आपण होऊन दारी आले तर मनुष्य पळत सुटतो आणि मोल देऊन मिळत असेल तर रांगेत उभा राहतो. आजीच्या पदराआड दडून भुताची गोष्ट ऐकणारे मूल आणि रात्रीच्या खेळाचे तिकीट काढून भयपटाला जाणारा प्रौढ हे दोघेही एकाच सुखाचे अर्थी होत. या सुखाचा एक नवा प्रकार संगणकाच्या पडद्यावरून माझ्या घरात शिरला आणि माझा भाचा व माझी पुतणी यांच्यात त्याने असा काही मतभेद उत्पन्न केला की, दोघांचे म्हणणे समजावे एवढ्यासाठी मला तो खेळ स्वतः खेळून पाहावा लागला.

खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ हॉरर’. त्याचा कर्ता पोलंडमधला पावेल कोझ्मिन्स्की. ‘पानस्ताश’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. व्यवसायाने हा गृहस्थ दंतवैद्य. दिवसा लोकांचे दात पाहायचे आणि उरल्या वेळात भुते रेखाटायची, असा त्याचा दुहेरी संसार. रेखाटण्याचे साधन कोणते म्हणाल, तर ‘मायक्रोसॉफ्ट पेंट’. म्हणजे ज्यात शाळकरी मुले घर, सूर्य आणि नारळाचे झाड काढतात तेच. फेब्रुवारी २०२० मध्ये हा खेळ अपुऱ्या स्वरूपात विक्रीस आला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्णत्वास गेला. ज्या जपानी चित्रकथाकाराचा संस्कार त्याच्या रेषेरेषेत दिसतो, तो जुंजी इतो हाही चित्रकथांकडे वळण्यापूर्वी कृत्रिम दात घडवण्याच्या धंद्यात होता. दाताच्या दुखण्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना देहाच्या भयाची ओळख निराळी करून द्यावी लागत नसावी!

कथा घडते १९८० नंतरच्या दशकातील जपानमध्ये, समुद्रकाठच्या शिओकावा नावाच्या कल्पित गावी. गावावर एका आदिम देवतेच्या जागृतीची छाया पडली आहे. ही देवता अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या कथासृष्टीची वंशज. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गांतून कात्री घेऊन हिंडणारी स्त्री, वामीसारख्या लांबट माशांचे विचित्र प्रकरण, अशी पाच गूढे उलगडावीत तेव्हा कोठे दीपस्तंभाची वाट मोकळी होते. खेळणाऱ्याजवळ पुंजी दोनच: देहबल आणि विवेकबुद्धी. यांतली एक संपली की तो संपला. शिवाय पडद्यावर एक तिसरा आकडा असतो, विनाशाचा. तो शेकडेवारीत मोजला जातो. तुम्ही पाऊल टाकले की तो वाढतो आणि शंभरावर पोहोचला की गाव बुडाले.

या खेळाची स्तुती जेथे जेथे होते तेथे प्रथम त्याच्या चित्रांची होते, आणि ती रास्तच आहे. सारा पडदा काळा आणि पांढरा. फार तर चार छटा. चित्र हलत नाही. एक दार, एक जिना, अर्धवट उजेडातला एक चेहरा, एवढेच ठिपक्याठिपक्यांनी उभे केलेले असते. माझ्या पिढीने १९९० च्या आसपास एकरंगी पडद्यावर संगणकाची पहिली ओळख करून घेतली. तेव्हा ही चित्रे मला आवडण्याचे कारण स्मृती आहे असे कोणी म्हणेल. पण माझा भाचा या शतकातला. त्याने असा पडदा जन्मात पाहिलेला नाही, आणि त्याला ती माझ्याहून अधिक आवडतात. जुनेपणाचा हा मोह केवळ गतकाळाचा नव्हे. कंदिलाच्या उजेडात खोलीचा कोपरा जितका भरलेला वाटतो तितका विजेच्या दिव्यात वाटत नाही. दोन रंगांत काढलेल्या चेहऱ्याचे उरलेले रंग आपण पुरवतो, आणि आपण पुरवलेले भय नेहमी आपल्याच मापाचे असते.

स्तुती येथवर एकमुखी. मतभेद सुरू होतो तो खेळाच्या घडणीपाशी, आणि तो समजायचा तर या घडणीचे कूळ पाहिले पाहिजे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघा विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. पडद्यावर चित्रे नव्हतीच. वीर म्हणजे एक चिन्ह आणि राक्षस म्हणजे रोमन लिपीतील सव्वीस अक्षरे. पण त्यात दोन नियम होते. तळघराची रचना दर वेळी संगणकाने नव्याने करायची, म्हणजे कर्त्यालाही आपल्याच खेळात पुढे काय येणार ते ठाऊक असणार नाही. आणि वीर एकदा मेला की मेला, पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ. या नियमांवर चालणाऱ्या खेळांना आजही ‘रोगलाइक’ म्हणतात. शिओकावाचे गाव त्याच कुळातले. कोणती गूढे वाट्याला येतील, दाराआड काय असेल, घाव बसेल की चुकेल, हे पुष्कळसे यदृच्छेवर.

माझ्या भाच्याने हा खेळ प्रथम घेतला तो २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली त्यानंतरच्या दिवसांत. पुढच्या वर्षी, मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. मेहुणे अतिशय जपून राहणारे. घराबाहेर पडले ते दोनदा, आणि त्यांतल्या एका वेळी काय झाले ते देव जाणे. भाचा बोलका नाही; परंतु या खेळावर लोक घेतात तो आक्षेप, की यात शहाणपणाने वागूनही माणूस मरतो, मी त्याच्यापुढे मांडला तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मामा, बाकीच्या खेळांत मेलं की माझं काय चुकलं ते सांगतात. हा सांगत नाही. म्हणून मला हा खोटा वाटत नाही.”

पुतणी त्याच वर्षी वैद्यकाचा अभ्यासक्रम संपवून एका रुग्णालयात उमेदवारी करीत होती. तिने हा खेळ सहा-सात वेळा खेळून टाकून दिला. तिच्या तक्रारी व्यवस्थित होत्या. लढाईच्या वेळी बारीक बारीक कळांच्या गर्दीत डोळे शिणतात. गूढे थोड्याच खेळांत ओळखीची होतात. कथेचे तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. हे सारे इतरही पुष्कळ लोक म्हणतात. पण तिच्या मनातली खरी तक्रार शेवटी आली. “काका, खेळात तरी नियम कळायला नको का? फासा पडला आणि माणूस गेला, याला भय नाही म्हणत. याला रात्रपाळी म्हणतात.”

या दोन वाक्यांच्या मध्ये उभे राहून मी खेळायला बसलो. पहिल्या रात्री कात्रीवाली बाई मला पुरेशी भ्यायला लावून गेली. शाळेच्या रिकाम्या वऱ्हांड्याचे ते निश्चल चित्र पडद्यावर असताना शेजारच्या खोलीत भांडे पडले, आणि माझ्या वयाला न शोभेल असा मी दचकलो. चौथ्या-पाचव्या रात्री तीच बाई आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझे डोळे देहबलाच्या आकड्यावर होते. या शाळेत जाऊन विनाश किती वाढेल आणि हाती काय लागेल, याचा मी हिशेब करीत होतो. ती बाई आता भूत राहिली नव्हती. जमाखर्चातील एक रक्कम झाली होती.

येथे मला या खेळाविषयीच्या परस्परविरोधी मतांचे मर्म सापडले असे वाटते. भयाला अपरिचय लागतो, आणि या कुळातील खेळ तर मरणाची पुनरावृत्ती करूनच शिकवतात. ‘रोग’च्या तळघरात त्याने काही बिघडत नव्हते, तेथे भय हे उद्दिष्टच नव्हते, कौशल्य हे होते. भयकथा त्या साच्यात ओतली की पहिल्या रात्री तिचे बळ दुणावते आणि दहाव्या रात्री ओसरते. स्तुती करणारा पहिल्या रात्रीविषयी बोलतो, निराश झालेला दहाव्या. खेळ एकच.

तरीही पुनरावृत्तीने सगळेच भय मरते असेही नाही. नारायण धारपांच्या कथा शाळकरी वयात मी रात्री वाचीत असे. दुसऱ्या वाचनात त्यांतले भय बरेचसे उतरे. उलट आमच्या बेळगावात शिकून धारवाडला अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या कथा मी पुनःपुन्हा वाचल्या आणि दर वेळी अधिक अस्वस्थ झालो. तेथे काय घडणार हे ठाऊक असते. ते टळणार नाही, हीच तर भीती. नियतीच्या भयाला पुनर्वाचन मानवते. फाशाला नियती होता येत नाही. तो चकित करतो. पण जे घडले ते अटळ होते, अशी जाणीव काही मागे ठेवीत नाही. या खेळात ती जाणीव एकाच ठिकाणी येते, विनाशाच्या त्या चढत्या आकड्यात. तो नव्वदीच्या पुढे गेला आणि दीपस्तंभ अजून दूर असला की दहाव्या रात्रीही घसा कोरडा पडतो.

आणि आकड्यांची भीती कशी बोथट होते, हे तर आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२० च्या वसंतात रोज संध्याकाळी रुग्णांचे आकडे ऐकताना शेकड्याने आमच्या पोटात गोळा येई. वर्षभरात आम्ही चहा पिता पिता लाखांचे आकडे ऐकू लागलो. त्यातला एक आकडा घरचा होईपर्यंत हा हिशेब चालला. पुतणीला खेळात ते पुन्हा नको आहे. भाच्याला तेच हवे आहे. न दिलेल्या उत्तराजवळ बसायला त्याला एक जागा मिळाली आहे. यांतले कोणते मत बरोबर, हा प्रश्न मी दोघांपुढेही टाकला नाही.

खेळाचा गुणदोष म्हणून सांगायचे तर, एका माणसाने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतून एक गाव वसवले, हे मोठे काम आहे. आणि त्या गावाच्या गल्ल्या लवकर पाठ होतात, ही उणीवही खरी आहे. ज्यांना खेळून पाहायचा असेल त्यांनी तो सलग खेळू नये. दोन रात्री खेळावा, महिनाभर विसरावा, मग पुन्हा दोन रात्री. कात्रीवाल्या बाईचा चेहरा दिसेनासा होऊन तिच्या जागी नुसता आकडा दिसू लागला की संगणक बंद करावा. मी तसे करतो. पुतणी या पथ्याला हसते. भाचा मात्र रोज खेळतो, आणि त्याला तो चेहरा अजून दिसतो की नाही हे मी त्याला विचारलेले नाही.