सैंधव, खारीक आणि कापूस

राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहार हा मुत्सद्द्यांचा प्रांत, गृहस्थानें त्यांत तोंड घालूं नये, असें आमच्या घरांत वडिलांच्या वेळेपासून मानीत आले आहेत. परंतु पाकिस्तानाशीं व्यापार बंदच ठेवावा कीं पुन्हा सुरू करावा, हा प्रश्न आमच्या धुळ्याच्या माजघरांत शिरला तो कोणास विचारून नव्हे. तो आला वाण्याच्या यादींतून.

उपवासास समुद्राचें मीठ न घालणारीं घरें अजूनही पुष्कळ आहेत. त्यांस लागणारें सैंधव बहुतांशीं पश्चिम पंजाबांतील खेवड्याच्या खाणींतून येत असे. नांवच मुळीं सिंधूचें. आपल्याकडे हिमाचलांत मंडीच्या बाजूस थोडेंसें निघतें, पण तेवढ्यानें साऱ्या देशाची एकादशी भागत नाहीं. बाळंतिणीच्या लाडवांत पडणारी खारीकही बरीचशी सिंधमधील खैरपूरकडची. म्हणजे घरांतलें सर्वांत सोवळें मीठ आणि बाळंतिणीसाठीं कुटलेली खारीक, या दोन्ही वस्तु वैऱ्याच्या मुलुखांतून येत होत्या, आणि हें कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें!

१४ फेब्रुवारी २०१९ रोजीं पुलवामा येथें आपले चाळीस जवान मारले गेले. दोन दिवसांत सरकारनें तिकडील मालावर शेंकडा दोनशें जकात बसविली. त्याच वर्षीं ऑगस्टांत, काश्मीरसंबंधीं ३७० व्या कलमाचा निर्णय झाल्यावर, पाकिस्ताननें आपण होऊन व्यापार थांबविला. पुढें एप्रिल २०२५ मध्यें पहलगामचें हत्याकांड झालें. अटारीचें नाकें बंद झालें आणि २ मे २०२५ पासून तिकडील मालाची आयात सर्वस्वीं मना करण्यांत आली. तेव्हां दाराला आतां दोन कुलुपें आहेत; एक आपलें, एक त्यांचें.

आमच्या खानदेशास दुसऱ्या कुलुपाचा उपद्रव अधिक. रावेर-यावलकडचीं केळीं तिकडे जात, तीं थांबलीं. पण केळ्यास दिल्ली आहे, आखात आहे. कापसाची गोष्ट निराळी. जळगांवास माझ्या मेहुण्यांचें जिनिंग आहे. ते म्हणतात, "गिऱ्हाईक रागावून बसलें तर बसूं द्या हो, पण तें दुसऱ्या दुकानीं जाऊं लागलें, कीं परत येत नाहीं." पाकिस्तानांतील सूतगिरण्या आतां अमेरिकेचा आणि ब्राझिलचा कापूस घेतात. या भागांतील जुन्या माणसांस हें सांगण्याची गरज नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी माजली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनीं आमच्या कापसाकडे मोर्चा वळविला. खानदेशांत सोन्याचा पाऊस पडला म्हणतात. १८६५ सालीं नाकेबंदी उठली आणि भाव कोसळले. दुसऱ्याच्या बंदीवर मिळालेला पैसा किती दिवस टिकतो, तें आम्हीं तेव्हां पाहिलें. स्वतःच्या बंदीचा परिणाम आतां पाहत आहों.

या मतास आमच्या घरांत मोठा विरोध आहे, आणि तो थोरल्या वहिनींचा. त्यांचा मुलगा सैन्यांत आहे. पहलगामची बातमी आली त्या दिवसापासून त्यांनीं सैंधवाची बरणी खालीं काढली नाहीं. "भावजी, आपला पैसा तिकडे गेला कीं त्याची गोळी होऊन येते," असें त्या म्हणाल्या, तेव्हां मीं आंकडे पुढें केले. २०१८-१९ सालीं आपण सुमारें २०७ कोटि डॉलरचा माल तिकडे धाडला आणि तिकडून आणला तो ५० कोटींच्याही आंतला. मग पैसा कोणाकडे जात होता? त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "हिशेब मलाही कळतो. पण मुलगा तुमचा नाहीं ना तिथें." यावर मजपाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. मात्र बंदीमुळें तो मुलगा अधिक सुरक्षित झाला, असें दाखविणारा पुरावाही मला कोठें आढळत नाहीं. २०१९ च्या जकातीनंतर सहा वर्षांनीं पहलगाम घडलेंच.

शिवाय बंदी खरोखर बंदी तरी आहे काय? जून २०२५ मध्यें महसूल गुप्तवार्ता खात्यानें न्हावा-शेवा बंदरांत पाकिस्तानी मालाचे ३९ कंटेनर धरले. माल दुबईमार्गें आलेला, आणि त्यांत खारीक होती! अटारीस २०१२ सालीं एवढें मोठें तपासणीनाकें उभारलें, तेथें उघडपणें येणारी ट्रक शोधून, झडती घेऊन सोडतां आली असती. आतां तीच खारीक खोटीं कागदपत्रें घेऊन समुद्रानें येते, आणि मधला नफा दुबईचा दलाल खातो.

व्यापार यापूर्वींही थांबला होता. १९४९ च्या सप्टेंबरांत रुपयाच्या अवमूल्यनावरून तो अडला आणि फेब्रुवारी १९५१ मध्यें तडजोड झाली. १९६५ च्या लढाईनंतरचा खंड १९७४ च्या करारापर्यंत चालला. मध्यें बांगला देशचें युद्धही होऊन गेलें. इतकें रक्त सांडल्यावरही दोन्ही सरकारें बोलणीं करावयास बसलींच.

तिकडच्या गिरणीवाल्यांसही आपली गरज आहे. ३१ मार्च २०२१ रोजीं त्यांच्या आर्थिक समितीनें हिंदुस्थानांतून सूत व साखर आणण्यास संमति दिली होती; दुसऱ्याच दिवशीं मंत्रिमंडळानें ती फिरविली. तेथें असें बाजूनें बोलणारे लोक आहेत, त्यांच्या हातीं कांहीं तरी द्यावयास हवें. मला वाटतें, आपण आपलें कुलूप प्रथम थोडें सैल करावें. सैंधव आणि खारीक यांपासून आरंभ करावा; या मालानें आपल्या फारशा शेतकऱ्यांच्या पोटावर पाय येत नाहीं. त्याच्या बदल्यांत कापूस आणि सूत यांची वाट मोकळी करून मागावी. माल अटारीनेंच यावा, ट्रक कसून तपासाव्या, आणि लष्करी बंदोबस्तांत तिळभरही ढिलाई नसावी. वहिनींस यांतला कापूस मान्य आहे, सैंधव नाहीं. दसऱ्याच्या सुमारास जिनिंगचा हंगाम सुरू होतो. बोलणीं व्हावयाचींच असतील तर तीं त्यापूर्वीं झालेलीं बरीं.