शेवग्याच्या मागोमाग नाईलकाठी

तुमच्या बांधावर शेवगा आहे ना? मग आज त्याच्याच मागोमाग जरा लांब जाऊ या, आफ्रिकेतल्या सुदान देशात. शेवगा मूळचा आपल्या भारतातला. इंग्रजी अमदानीत तो तिकडे गेला, तो शोभेचे झाड म्हणून. शेंगांच्या आमटीची गोडी मात्र इकडेच राहिली!

सुदानची राजधानी खार्टूम दोन नद्यांच्या संगमावर वसली आहे. पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून येते आणि वाटेतल्या दलदलीत आपला पुष्कळ गाळ टाकते. निळी नाईल इथिओपियाच्या डोंगरांतून येते. नाव निळी, पण पावसाळी पुरात ती अगदी मातकट व्हायची. २०२० पासून वरच्या अंगाच्या मोठ्या धरणात पाणी साठू लागले आणि बराच गाळ तिथे अडू लागला. दक्षिणेला गेझिराचा सपाट प्रदेश आहे. १९२५ साली सेन्नारचे धरण झाले आणि तिथे कापूस पिकू लागला. जमीन काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. वऱ्हाडातल्या माणसाला परकी वाटू नये अशीच.

या मुलखात घरोघरी पाण्याचा ‘झीर’ असतो, म्हणजे आपला रांजणच. वाटसरूंसाठीही झाडाखाली झीर ठेवतात. पण पुराचे गढूळ पाणी त्यात ओतायचे कसे? नदीकाठच्या बायकांनी तोड काढली ती शेवग्याच्या बियांची. या झाडाला तिथे नावच पडले ‘शगरा अल् रौवाक’, पाणी निवळणारे झाड. सामिया अल् अझरिया यान या संशोधक बाईंनी १९७० नंतरच्या दशकात ही रीत बारकाईने तपासली आणि ती जगापुढे आली.

रीत सोपी आहे. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या. बी सोलून आतला पांढरा गर कुटायचा. वीस लिटर पाण्याला गढूळपणा पाहून एक ते तीन ग्रॅम भुकटी पुरते. ती थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून, ढवळून फडक्यातून गाळायची आणि ते दुधाळ पाणी हंड्यात ओतायचे. आधी मिनिटभर जोरात, मग पाच-दहा मिनिटे हळूहळू ढवळायचे. हात आवरून एक-दोन तास हंडा हलवायचा नाही. गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी अलगद काढून घेता येते. बियांचे तेल काढून उरलेली पेंडही हेच काम करते.

असे का होते? मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात, कारण सगळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. बियांतल्या प्रथिनाच्या लांब साखळ्यांवर धनभार असतो. त्या कणांना धरतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके जड होऊन खाली बसतात.

आपल्याकडे हेच काम निवळीचे बी करी, म्हणून तर तिचे नाव निवळी. हे बी भांड्याच्या आतून घासत. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या साधनांत ते आहे. तुमच्या आजीला विचारून पाहा, कदाचित आठवत असेल.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, विशेषतः घरात तान्हे मूल असेल तर. निवळलेले पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. गाळाबरोबर बरेच जंतू खाली बसतात, पण सगळे नाहीत. बियांचा अंश पाण्यात राहतो, त्यावर उरलेले जंतू पुन्हा वाढतात. म्हणून पाणी त्याच दिवशी खळखळून उकळायचे आणि लगेच वापरायचे. विहिरीत उतरलेले खत, खारेपणा, फ्लोराइड यांवर तर या बियांचा इलाज नाही.

सुदानात एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले, ते थेट खार्टूममध्ये. वीज गेली, पाण्याचे पंप बंद पडले, माणसे पुन्हा नदीवर पाण्याला जाऊ लागली. २०२४ मध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि २०२५ मध्ये खार्टूमलाही तिने गाठले. पाणी निवळायला बी हाताशी असले, तरी ते उकळायला सरपण हवे, आणि सरपण आणायला घराबाहेर पडावे लागते.